चाळीस बादल्या आणि एक बादली
(मेपलचा रस, मुले आणि वसंतातील रान)

गुऱ्हाळ म्हणजे काय, हे बेळगावच्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चुलवाणावर चढलेली काहील, उकळत्या रसावर येणारी मळी आणि पाकाची अवस्था नुसत्या नजरेने ओळखणारा गुळव्या ही चित्रे आपल्या परिसरातील कोणत्याही प्रौढ माणसाच्या मनात असतात. मी आज ज्या गुऱ्हाळाविषयी सांगणार आहे, तेथे ऊस नाही आणि चरकही नाही. रस झाडाच्या खोडातून थेंबाथेंबाने गळतो, भोवती गुडघाभर बर्फ असते, आणि शाळेची मुले त्या बर्फात काम करतात व खेळतात. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील मेपल वृक्षाच्या रसाचे हे गुऱ्हाळ होय. मुलीच्या वास्तव्यामुळे मला अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात तीन वसंत काढावयास मिळाले आणि तेथील एका प्राथमिक शाळेच्या मुलांबरोबर रानात जाता आले. विज्ञानशिक्षकाच्या नजरेने जे पाहिले, ते येथे क्रमाने मांडतो. त्यातून आपल्या शाळेपुढे एक प्रश्न उभा राहतो, त्याकडे शेवटी वळेन.

झाडाची ओळख

मेपलच्या अनेक जाती आहेत. त्यांतील 'शुगर मेपल' ही जात रसासाठी सर्वोत्तम मानली जाते. तिचे शास्त्रीय नाव एसर सॅकरम. १५ फेब्रुवारी १९६५ रोजी कॅनडाने स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजावर जे लाल पान दिसते, ते मेपलचेच. परंतु रसाचा हंगाम येतो फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्या काळात झाडावर एकही पान नसते. मग निष्पर्ण रानात मेपल ओळखावयाचा कसा?

मुलांचा पहिला धडा येथे सुरू होतो. बहुतेक झाडांच्या फांद्या एकाआड एक फुटतात. मेपलच्या मात्र समोरासमोर फुटतात. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून उभे राहावे, तशी ही रचना असते. मुले झाडाखाली हात पसरून उभी राहतात, वर पाहतात आणि झाड 'आपल्यासारखे' आहे की नाही ते ठरवतात. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या फांद्याही समोरासमोर असतात. म्हणून पुढची परीक्षा कळीची. शुगर मेपलची कळी तपकिरी आणि टोकदार असते, अ‍ॅशची काळसर आणि बोथट. एवढे दोन नियम कळले की सात वर्षांचे मूल भर हिवाळ्यात झाड ओळखू लागते.

दुसरा धडा गणिताचा. ज्या खोडाचा व्यास निदान २५ ते ३० सेंटिमीटर आहे, त्यालाच भोक पाडावयाचे, असा नियम आहे. व्यास थेट मोजता येत नाही. मुले दोरीने घेर मोजतात आणि त्याला ३.१४ ने भागतात. एवढी जाडी येण्यास झाडाला साधारणतः चाळीस वर्षे लागतात. म्हणजे ते झाड मुलाच्या आईवडिलांपेक्षाही वयाने मोठे असण्याचा संभव असतो. ही गोष्ट कळल्यावर मुलांचा आवाज थोडा खाली येतो, असे मी पाहिले.

मग गिरमिटाने सुमारे ८ मिलिमीटर रुंद आणि ४ ते ५ सेंटिमीटर खोल भोक पाडतात. भोकाचा उतार किंचित बाहेरच्या बाजूस ठेवतात, म्हणजे रस आत साचत नाही. गिरमिटातून पडणारा भुसा पांढरट असेल तर लाकूड जिवंत. तपकिरी असेल तर तेथे रस मिळावयाचा नाही. भोकात तोटी हलक्या हाताने ठोकून बसवितात, तिच्या आकड्यास बादली अडकवितात आणि वर झाकण घालतात. एका मुलीने शिक्षिकेला विचारले, "झाडाला दुखत नाही का?" शिक्षिकेने उत्तर दिले नाही. त्या तिला एका जुन्या झाडाजवळ घेऊन गेल्या आणि गेल्या वर्षांच्या भोकांचे व्रण तिला बोटाने चाचपावयास सांगितले. निरोगी झाडाचे असे भोक एक-दोन वर्षांत भरून येते. मात्र त्या व्रणामागचे लाकूड कायमचे निकामी होते. म्हणून दर वर्षी नवे भोक जुन्यापासून दूर पाडावे लागते, आणि बारीक खोडास एकापेक्षा अधिक भोके पाडावयाची नसतात. घ्यावयाचे ते झाडाला झेपेल इतकेच, हा या व्यवसायाचा मूलभूत नियम होय.

रस का वाहतो?

नीरेची गोष्ट आपण जाणतो. माडाची पोय छेदली की नीरा मिळते, आणि तिला थंडीची गरज नसते. मेपलचे तसे नाही. रात्री तापमान शून्याखाली गेले पाहिजे आणि दिवसा शून्याच्या वर चढले पाहिजे. रात्र गोठली नाही तर रस थांबतो. दिवस वितळला नाही तर तो सुरूच होत नाही.

याचे कारण मेपलच्या लाकडाच्या घडणीत आहे. बहुतेक झाडांच्या लाकडातील तंतूंमध्ये पाणी भरलेले असते. मेपलच्या तंतूंमध्ये मात्र वायू असतो. रात्री गारठा वाढला की हा वायू आकसतो. शेजारच्या रसवाहिन्यांतील पाणी तंतूंकडे ओढले जाते आणि त्यांच्या आतल्या भिंतींवर बर्फ होऊन बसते. ही ओढ इतकी असते की मुळे जमिनीतून आणखी पाणी वर घेतात. सकाळी ऊन पडले की बर्फ वितळते, दाबला गेलेला वायू प्रसरण पावतो आणि पाण्याला पुन्हा वाहिन्यांत ढकलतो. रसात विरघळलेली साखरही हा दाब टिकवून धरण्यास साहाय्य करते. खोडातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून अधिक झाला आणि तेथे भोक असले, की रस टपकू लागतो. व्हरमाँट विद्यापीठाने १९४६ मध्ये केवळ मेपलच्या अभ्यासासाठी प्रॉक्टर संशोधन केंद्र स्थापन केले. तेथील शास्त्रज्ञांनी या कोड्याचा उलगडा करण्यात मोठा वाटा उचलला आहे.

ही साखर येते कोठून? मागील उन्हाळ्यात पानांनी उन्हाच्या साहाय्याने ती तयार केली आणि झाडाने पिठूळ रूपात खोडात साठवून ठेवली. पुढच्या पालवीची ती शिदोरी. थंडीत तिचे पुन्हा साखरेत रूपांतर होते. मुलांना हे सांगताना शिक्षिका एवढेच म्हणत: "तुम्ही आज गेल्या जुलैचे ऊन चाखत आहात."

शाळेच्या दारात एक तापमापक टांगलेला असे. मुले रोज सकाळी त्याची नोंद करीत आणि आज रस वाहील की नाही याचा अंदाज फळ्यावर लिहीत. अंदाज खरा ठरला तर गणिताचा तास सोडून बादल्या उतरवावयास जावे लागे. कारण रस दुधासारखा नासतो, तो उद्यापर्यंत वाट पाहत नाही. वेळापत्रक मुख्याध्यापकांनी नव्हे तर रात्रीच्या थंडीने ठरवावे, ही गोष्ट शाळेत इतकी वर्षे काढलेल्या मला प्रथम विचित्र वाटली आणि नंतर फार मोलाची वाटली.

चाळीसास एक

तोटीतून पडणारा पहिला थेंब मुले जिभेवर घेतात आणि बहुधा निराश होतात. तो थंड पाण्यासारखाच लागतो. मेपलच्या रसात साखर असते जेमतेम दोन टक्के. उसाच्या रसात हे प्रमाण साधारणपणे १५ ते १८ टक्के असते. म्हणून आपल्याकडे पाच-सहा किलो रसात एक किलो गूळ उतरतो. मेपलचे सिरप, ज्याला आपण मेपलची काकवी म्हणू शकतो, तयार होते तेव्हा त्यात सुमारे ६६ ते ६७ टक्के साखर असते. त्यासाठी अनुभवी लोकांनी एक सोपा नियम बसविला आहे: रसातील साखरेच्या टक्केवारीने ८६ या संख्येस भागावे. उत्तर येईल तितक्या मापे रसापासून एक माप सिरप होते. साखर दोन टक्के असेल तर ४३ मापे. तीन टक्के असेल तर सुमारे २९. स्थूलमानाने 'चाळीसास एक' असे म्हणतात. एका तोटीतून हंगामभरात साधारण ४० लिटर रस मिळाला, तर त्याचे एक लिटर सिरप होते. उरलेल्या ३९ लिटरांची वाफ!

हे प्रमाण फळ्यावर लिहून दोन मिनिटांत शिकविता येते. परंतु ज्या मुलाने भुसभुशीत बर्फातून धडपडत, सांडत, भरत बादल्या वाहिल्या आहेत आणि शेवटी आपल्या वाट्याला एक छोटी बाटली आलेली पाहिली आहे, त्याला गुणोत्तर हा शब्द पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

रस उथळ, रुंद कढयांमध्ये उकळतात, कारण पृष्ठभाग जितका मोठा तितकी वाफ लवकर होते. हे काम घराच्या स्वयंपाकघरात करीत नाहीत. एवढ्या वाफेने भिंतींचे कागद सुटून येतात. त्यासाठी छपराला वाफेची मोठी खिडकी असलेली स्वतंत्र खोपी असते, किंवा शाळेसारख्या ठिकाणी उघड्यावर विटांची चूल मांडतात. फेस उतू जाऊ लागला की लोण्याचा किंवा सायीचा एक थेंब टाकतात आणि तो झटकन खाली बसतो. आपल्या गुऱ्हाळात रस निवळावा म्हणून भेंडीच्या खोडाचा चिकट रस वापरतात, त्याची मला तेथे आठवण झाली.

सिरप तयार झाले हे तापमापकावर कळते. पाणी ज्या अंशावर उकळते त्याहून सुमारे चार सेल्सिअस अंश वर गेले की उतरवावयाचे. समुद्रसपाटीस म्हणजे १०४ अंश. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे पाणी शंभराच्या आधीच उकळते, म्हणून येथे हा आकडा तितकाच खाली येईल. जुने लोक मात्र पळीच्या काठावरून पाक थेंबाऐवजी पडद्यासारखा ओघळतो का, हे पाहतात. आपली आजी पाकाची तार पाहत असे. तेच हे शास्त्र. मग जाड कापडातून गाळले की तळाशी वाळूसारखा खनिज गाळ उरतो. हंगामाच्या सुरुवातीचे सिरप बहुधा सोनेरी असते आणि पुढे ते गडद होत जाते. कारण ऊब वाढली की रसातील जिवाणू साखरेचे विघटन करतात आणि उकळताना रंग अधिक चढतो. कळ्या फुगू लागल्या की सिरपला एक नकोशी चव येते आणि हंगाम संपतो. त्याच सुमारास अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक डबक्यांतून रात्रभर शिट्टीसारखा स्वर काढू लागतात. म्हणून शेवटच्या रसाला तेथील लोक 'बेडूक-रस' म्हणतात.

उकळी येईपर्यंत

चाळीस लिटरांची वाफ होण्यास कित्येक तास लागतात. हे तासच मुलांच्या खेळाचे.

चुलीभोवती दोरीचे एक मोठे वर्तुळ असते. त्याच्या आत मोठ्या माणसाच्या हाताला धरूनच यावयाचे, कारण उकळता पाक पाण्याहून वाईट भाजतो. तो त्वचेला चिकटून राहतो. हा नियम मोडला तर त्या दिवशी चुलीचे दर्शन नाही. वर्तुळाबाहेर मात्र, शिक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात, रान मोकळे असते. कोणी पडलेल्या फांद्यांची खोपी बांधतो. कोणी वितळत्या बर्फाच्या ओहोळावर चिखलाचा बांध घालतो आणि तो फुटला की पुन्हा घालतो. सकाळी बर्फाचा पापुद्रा इतका टणक असतो की त्यावरून धावता येते. दुपारी तेथेच पाय मांडीपर्यंत रुततो. हा बदल मुलांनी पायांनी शिकलेला असतो.

आणि रान स्वतःच दाखवीत जाते. मोडक्या फांदीच्या टोकाशी रसाची गोठलेली कांडी लोंबत असते; ती चोखावयास झुंबड उडते. उन्हाने तापलेल्या बुंध्याशी बर्फावर काळी मिरपूड सांडल्यासारखे दिसते आणि जवळ जावे तर ती मिरपूड उड्या मारते. ते 'हिमपिसू' नावाचे सूक्ष्म जीव असतात. खोडावर ओळीने पाडलेली भोके दिसली तर ती रस पिणाऱ्या एका सुतारपक्ष्याची. तांबडी खार मेपलच्या सालीला चावा घेऊन निघून जाते, पाणी उडून गेल्यावर परत येते आणि मागे राहिलेली साखर चाटते. जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिख यांनी १९९२ मध्ये हे निरीक्षण शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सूर्याच्या चुलीवर पाक करणारी ही खार मुलांची विशेष लाडकी होती.

दिवसाच्या शेवटी सिरप आणखी तापवून, सुमारे ११२ अंशांपर्यंत नेऊन, स्वच्छ बर्फावर ओततात. आपण गोळीबंद पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून पाहतो, तसेच हे. पाक बर्फावर आळतो आणि मुले तो काडीला गुंडाळून खातात. फार गोड होऊ नये म्हणून व्हरमाँटमध्ये त्याबरोबर आंबट लोणच्याची काकडी देण्याची रीत आहे.

मुलांचे हात

ही विद्या गोऱ्या वसाहतकारांची नव्हे. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून अनिशिनाबे आणि इतर मूलनिवासी समाज वसंताच्या तोंडाशी सहकुटुंब मेपलच्या रानात मुक्काम हलवीत. ते मुख्यतः टिकाऊ साखर करीत आणि भूर्जाच्या सालीच्या डब्यांत साठवीत. त्यांची एक कथा आहे. पूर्वी मेपलमधून घट्ट पाकच गळत असे. लोक झाडांखाली तोंड उघडून पडून राहू लागले. शेते आणि मासेमारी ओस पडली. ते पाहून नानबोझो या त्यांच्या आदिपुरुषाने झाडांत पाणी ओतले आणि पाकाचा पातळ रस केला. तेव्हापासून गोडी हवी असेल तर लाकडे फोडावी लागतात. चाळीसास एक या प्रमाणाचे इतके सुंदर स्पष्टीकरण मला अन्यत्र आढळले नाही.

पण याच इतिहासात एक अस्वस्थ करणारे पानही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅरिबियन बेटांवरील उसाची साखर गुलामांच्या श्रमांवर तयार होत होती. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७९१ मध्ये थॉमस जेफर्सन यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात मेपलच्या साखरेचा पुरस्कार केला; तिच्यामुळे गुलामगिरीची गरज उरणार नाही, अशी त्यांना आशा होती. जेफर्सन यांनीही १७९० मधील एका पत्रात, गुलामांच्या श्रमांऐवजी केवळ मुलांच्या श्रमांनी होणारी साखर हे वरदानच ठरेल, अशा आशयाचे लिहिले होते. १७९१ मध्ये त्यांनी मॉन्टिसेलो येथील आपल्या मळ्यात मेपलची रोपे लावली. ती नीट रुजली नाहीत. तो मळा मात्र गुलामांच्याच हातांनी चालत राहिला.

'केवळ मुलांचे श्रम' हे शब्द वाचून मी थांबलो. आपल्या उसाच्या फडांतही मुले असतात. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात येतात. मोळ्या बांधणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या त्या मुलांची शाळा सुटते. तीही बाहेरच असतात, तीही गोडी निर्माण करण्यात हात लावतात. मग व्हरमाँटच्या मुलाच्या बादलीत आणि या मुलाच्या मोळीत फरक कोणता? माझ्या मते तीन गोष्टींचा. ते मूल थकले की बादली खाली ठेवू शकते. त्याने जे केले त्याचा अर्थ त्याला कोणीतरी समजावून सांगते. आणि शेवटी त्या गोडीतला वाटा त्याच्या हाती येतो. या तिन्ही असतील तर काम हे शिक्षण होते आणि खेळापासून वेगळे उरत नाही. त्या नसतील तर ती मजुरी, मग ती कितीही मोकळ्या हवेत असो.

आपल्यापुढील प्रश्न

मेपलचे जग स्थिर नाही. आज जगातील सत्तर टक्क्यांहून अधिक सिरप एकट्या क्वेबेकमध्ये होते. मोठ्या उत्पादकांच्या रानांत बादल्यांची जागा प्लास्टिकच्या नळ्यांनी घेतली आहे, आणि आपल्या घरच्या आरओ यंत्राच्याच तत्त्वावर रसातील बरेचसे पाणी उकळण्यापूर्वीच काढून टाकतात. शिवाय हवामान बदलत आहे. संशोधकांच्या नोंदींनुसार काही दशकांपूर्वीपेक्षा हंगाम काही दिवस आधी सुरू होतो आणि त्याहून अधिक दिवस आधी संपतो. गोठणाऱ्या रात्री कमी झाल्या तर दक्षिणेकडील रानांत रस वाहणेच अवघड होईल. मुलांनी दारातल्या तापमापकाच्या नोंदी वर्षानुवर्षे जपून ठेवल्या, तर हा बदल त्यांना स्वतःच्या अक्षरात वाचता येईल.

आपल्याकडे मेपल नाही, आणि तो आणण्याचे कारणही नाही. परंतु आपल्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर ऊस आहे. गुऱ्हाळे पूर्वीइतकी उरलेली नाहीत. जी आहेत, ती पाहिलेली मुले आज आपल्या वर्गांत किती निघतील, हे प्रत्येक शिक्षकाने एकदा विचारून पाहावे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी वनस्पतिशास्त्राचा तास बऱ्याचदा शाळेच्या कुंपणाबाहेर घेत, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्यांच्या नावाने मी संस्थेकडे एवढेच मागतो: दर जानेवारीत पाचवी-सहावीच्या मुलांना दोन दिवस गुऱ्हाळावर न्यावे. चुलवाणाभोवती दोरीचे वर्तुळ आखावे. रस तोलावा, गूळ तोलावा, गुणोत्तर मुलांनी काढावे. पाण्याचा आणि पाकाचा उत्कलनबिंदू त्यांनीच मोजावा. काहील उकळत असताना त्यांना शेतात मोकळे सोडावे आणि दोन तास कोणतीही सूचना देऊ नये. शेजारच्या फडात मोळ्या बांधणारे एखादे त्यांच्याच वयाचे मूल असेल, तर त्यालाही गरम काकवीच्या वाटीसाठी हाक मारावी, आणि ते शाळेत का नाही, हा प्रश्न आपल्या मुलांना पडू द्यावा. त्याचे उत्तर शोधणे हे मग आपणा मोठ्यांचे काम.